अर्धवेळचा दामूदादा

गेल्या आठवड्यात आमच्या अग्निशमन केंद्राला नवा रंग द्यायला घेतला. कंट्रोल रूमच्या बाहेर, जिन्याशी, भिंत घासता घासता रंगारी थांबला आणि म्हणाला, "काका, हा खिळा काढू का? नुसता गंजलाय. कामाचा दिसत नाही."

मी काढ म्हणालो नाही आणि राहू दे असंही म्हणालो नाही. फोन वाजतोय असं निमित्त करून आत गेलो. फोन वाजत नव्हता.

त्या खिळ्यावर आम्ही अर्धवेळवाल्यांसाठी आलेले निरोप लावून ठेवायचो. आमच्या केंद्रात माणसांच्या दोन पंगती होत्या, पूर्णवेळच्या आणि अर्धवेळच्या. पूर्णवेळवाले म्हणजे आम्ही, कोकणातून नाहीतर देशावरून नोकरीसाठी आलेले, वसईत फ्लॅट घेऊन स्थिरावलेले. आमच्या गणवेशाच्या खुंट्यांवर ऑइलपेंटने नावं लिहिलेली. अर्धवेळवाले आसपासच्या गावांतले. सकाळी आपली शेती, दुकान, रिक्षा सांभाळायची आणि दुपारी दोन ते रात्री आठ केंद्रावर हजर व्हायचं, तेही आठवडा आड करून. आग दोघांनाही सारखीच भाजत होती, पण अर्धवेळवाल्यांची खुंटी नव्हती. जे हेल्मेट रिकामं असेल ते घालायचं.

दामूदादा त्यांतला सगळ्यांत जुना. उमेळ्याचा. घरची भातशेती, तिच्यातली निम्मी बिल्डिंगांखाली गेलेली, उरलेल्यात हा पावटा आणि भेंडी काढायचा. ठेंगणा, काळाकभिन्न, पायांची बोटं रुंद फाकलेली, त्यामुळे बूट त्याला कधी नीट बसले नाहीत. मोपेडवरून यायचा आणि मोपेडला लांबच्या लांब एक बांबू बांधलेला असायचा. बांबूवर फुटाफुटाला लाल पट्टे, असे सात. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा गृहस्थ पताका लावायचं काम करत असावा.

मी नवा होतो. फोनवर बसायचो. आगीचा फोन आला की नाव, पत्ता, काय पेटलंय, कोणी अडकलंय का, हे पटापट विचारून घंटा द्यायची. मला वाटायचं मी फार चोख काम करतो. एकदा असाच फोन ठेवला तर दारात हा उभा.

"पानी इचारलंस?"

"पाणी? दादा, आग लागल्ये त्यांच्याकडे. पाणी आपण नेणार ना?"

"गाडीतलं पानी किती येळ पुरतं रं मास्तर? तुजा चहा थंड होईस्तवर. मग काय थुकायचं काय आगीवर?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आग कुठं हाय ते धुरानं दिसतंच. पानी कुठं हाय ते आधी इचार."

मी चांगल्या अक्षरात डायरी लिहायचो म्हणून त्याने माझं नाव मास्तर ठेवलं ते कायमचं. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारू लागलो, जवळ विहीर आहे का, तळं आहे का, बावखल आहे का. बावखल म्हणजे इकडच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं छोटं तळं. केळीच्या बागा त्याच्यावर जगतात. हा शब्दसुद्धा मला दामूदादानेच शिकवला.

तो कंट्रोल रूममध्ये कधी खुर्चीवर बसला नाही. बस म्हटलं की म्हणायचा, "खुर्ची कायमवाल्यांची. मोडली तर कोनाला भरून देऊ?" आणि गुंडाळून ठेवलेल्या पाइपाच्या वेटोळ्यावर जाऊन बसायचा. तिथे बसून पावट्याच्या शेंगा सोलायचा. साहेब आले की शेंगा हेल्मेटमध्ये लपवायचा. एकदा घंटा झाली आणि कोणीतरी तेच हेल्मेट डोक्यावर घातलं. त्या दिवशी आगीपेक्षा हसूच जास्त पसरलं, आणि हसणाऱ्यांत साहेबही होते.

बांबूचं रहस्य मला वालीवच्या आगीत कळलं. वालीवला प्लास्टिकच्या डब्यांचा एक कारखाना पेटला होता. आमच्या दोन गाड्या रिकाम्या झाल्या, टँकर वाहतुकीत अडकला, साहेब घसा फाटेस्तोवर ओरडत होते. त्या गोंधळात दामूदादा दिसेना. सगळ्यांना वाटलं, अर्धवेळवाला, पळाला असेल. दहा मिनिटांनी मागच्या भिंतीपलीकडून त्याची हाक आली. तिथे दगडाची जुनी खाण होती, पाण्याने भरलेली. शेजारच्या गाळ्याच्या रखवालदाराशी तंबाखूची ओळख ठेवून त्याने त्याच बांबूने तिची खोली आधीच मोजून ठेवली होती. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्याने सक्शनचा जाड पाइप दोन तास धरून ठेवला, कारण पाइपाच्या तोंडाची जाळी पाण्याच्या वर आली की पंप हवा ओढतो आणि मग सगळं ठप्प.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात साहेब होते, पूर्णवेळचे चार जण होते. मला वाईट वाटलं. दामूदादाने पेपर जवळ धरून बघितला आणि म्हणाला, "ह्यो बघ पाइप आलाय. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला मीच हाय ना?" आणि तो पेपर खरंच घरी घेऊन गेला.

दरवर्षी मे महिन्यात तो तीन दिवस पाणी मोजायला निघायचा. उन्हाळ्याच्या शेवटी जिथे पाणी टिकतं तेच खरं पाणी, असं त्याचं म्हणणं. एका वर्षी मी त्याच्या मोपेडवर मागे बसून गेलो. बांबू माझ्या मांडीला घासत होता. उमेळ्यापासून निर्मळ, नंदाखालपर्यंत आम्ही प्रत्येक तळ्यावर थांबलो. तो चपला काढायचा, बांबू पाण्यात सोडायचा आणि आकडा सांगायचा, "चार पट्टे. लिव." तीन पट्ट्यांच्या खाली पाणी गेलं की ते आमच्या कामाचं नाही. वाड्यांमधली माणसं त्याला ओळखत होती. कोणी केळीची फणी द्यायचं, कोणी अळूची जुडी. एका आजीबाईंनी तर बावखलात उतरण्याआधी त्याला दटावून पाय धुवायला लावले.

जी तळी बुजली होती त्यांच्यावर तो मला काट मारू देत नसे. "काट कशाला? तिथं काय झालंय ते लिव." म्हणून माझ्या त्या वहीत तळ्यांच्या नावांपुढे इमारतींची नावं आहेत. अमुक तळं, आता सी विंग. तमुक बावखल, आता पार्किंग. लिहिता लिहिता मी त्याच्याकडे बघितलं तर तो त्या पार्किंगच्या मध्यावर चपला हातात घेऊन उभा होता. मला त्या माणसाबद्दल तेव्हा एकदम माया वाटली, ती शेवटपर्यंत गेली नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

पुढे वरून एक पत्र आलं. अर्धवेळ माणसांचा विमा नाही, तेव्हा त्यांनी बंबाबरोबर जाण्याव्यतिरिक्त बाहेरचं काम करू नये. मे महिन्याची फेरी बंद झाली. पूर्णवेळच्यांपैकी कोणी जावं असं ठरलं, आणि अर्थातच कोणी गेलं नाही. मी तरी कुठे गेलो? दामूदादाने मग गावागावांत सांगून ठेवलं की तुमचं तळं आटलं, कोणी भराव घातला, तर केंद्रावर निरोप द्या. आणि मला बजावलं, "मास्तर, बाकीचं काय पन खिळ्याला लाव. हजेरीचं लाव, परेडचं लाव. पान्याचा निरोप खिळ्याला लावायचा नाय. तवाच फोन करायचा. मी शेतात असलो तरी, जेवत असलो तरी."

मी करायचोही. पण त्याला फोन केला की अर्धा तास जायचा. कोणत्या बाजूने भरतायत, किती बुजलंय, गाडी तिथपर्यंत जाते का, ट्रक कोणाचा, सगळं विचारायचा. मी कंटाळायचो.

त्याच सुमारास अर्धवेळच्या जुन्या माणसांना कायम करायचा विषय निघाला. यादी तयार झाली, तिच्यात पहिलं नाव दामूदादाचं. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर हा खुंट्यांच्या भिंतीपुढे उभा होता. मला म्हणाला, "मास्तर, रंगारी आला की त्याला सांग, खिडकीच्या बाजूची खुंटी मना द्या. आनि आडनाव नको. नुसतं दामोदर. मोठ्या अक्षरात." इतक्या वर्षांत त्याने केंद्राकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

एका शनिवारी दुपारी नंदाखालचे बस्त्यावकाका बाजारात केळी उतरवून परत जाताना केंद्रावर आले. म्हणाले, "दामूला सांगा, आमच्याकडचं क्रूसामागचं बावखल भरायला घेतलंय. कालपासून डंपर येतायत." मी जेवायला बसलो होतो. डबा उघडलेला होता. दामूदादाची पाळी सोमवारपासून होती. मी विचार केला, सोमवारी येईलच, तेव्हा वाचेल. मी चिठ्ठी लिहिली, तारीख घातली, वेळ घातली, आणि खिळ्याला लावली. मग हात धुऊन जेवलो. एवढंच मी केलं.

सोमवारी दुपारी दोनच्या ठोक्याला फोन आला. नंदाखालला कार्मेलीनबायचं घर पेटलंय. जवळच्या केंद्राची गाडी वालीवला गुंतली होती, म्हणून आमची निघाली. फोन करणाऱ्याने घर सांगितलं आणि घाईत ठेवून दिला. हे घर त्याच बावखलाला लागून आहे, हे मला माहीत नव्हतं. दामूदादाला माहीत होतं.

कार्मेलीनबाय एकटी राहणारी म्हातारी. कौलारू घर, माळ्यावर सुके नारळ आणि झावळ्या. शेजाऱ्यांनी तिला बाहेर काढलं होतं. गाडीतल्या पाण्याने पुढची पडवी विझली. दामूदादाने शिंदे ड्रायव्हरला सांगितलं, "मागं घे, क्रूसाच्या अंगानं. मागं पाच पट्टे पानी हाय." शिंदे साताऱ्याकडचा, दामूदादाच्या शब्दावर डोळे मिटून स्टिअरिंग फिरवणारा. अरुंद गल्लीत त्याने गाडी मागे घेत घेत आत घातली. केळी संपल्या आणि पुढे लाल मातीचं सपाट मैदान लागलं. डंपरच्या चाकांचे ठसे ओले होते.

वायरलेसवर दामूदादाचा आवाज आला. "मास्तर, टँकर पाठव. इथं पानी नाय." थोडं थांबून परत म्हणाला, "इथं माती हाय."

गाडी त्या गल्लीतून परत बाहेर काढायला आणि टँकर यायला जो वेळ गेला, त्या वेळात घर गेलं. माळा खाली आला. जीव कोणाचा गेला नाही, हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलंय. पण कार्मेलीनबाय अंगणात बसून होती आणि तिने दामूदादाला विचारलं, "बाबा, पाणी नव्हतं तर गाडी आणलीस कशाला?" हे मला शिंदेने सांगितलं. दामूदादा तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला, म्हणे.

मी फोनवर होतो. टँकर, रुग्णवाहिका, साहेब, सगळ्यांना फोन करत होतो. खिळा बाहेर जिन्याशी, मला उठता येईना. गाडी परतल्यावर जरा मोकळा झालो आणि धावत बाहेर गेलो. खिळ्यावर चिठ्ठी नव्हती.

आता माझ्या मनाने जी हुशारी केली ती सांगतो. माझं मन म्हणालं, चिठ्ठी नाही म्हणजे त्याने दोनला आल्याबरोबर काढली. वाचली. आणि विसरला. तुझं काम तू केलंस. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच पायरीवर बसलो.

चौकशी दोन दिवसांनी झाली. बस्त्यावकाकांनी सांगितलं होतंच की त्यांनी शनिवारीच माझ्याकडे निरोप दिला होता. साहेबांनी मला विचारलं, "पुढे दिलात?"

"चिठ्ठी लावली होती, साहेब," मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

साहेबांनी दामूदादाकडे बघितलं. तो उभा होता, खुर्ची असून. म्हणाला, "मिळाली व्हती. वाचली आनि इसरलो."

हे वाक्य कागदावर मीच लिहिलं, माझ्या चांगल्या अक्षरात. त्याने सही केली. पूर्णवेळच्या माणसाला काढायचं तर समिती लागते, नोटिसा लागतात, वर्ष जातं. अर्धवेळवाल्याला "उद्यापासून येऊ नका" एवढं पुरतं. यादी वर गेली तेव्हा पहिलं नाव दुसऱ्याच कोणाचं होतं. रंगारी आला, त्याने खिडकीच्या बाजूच्या खुंटीवर एका नव्या पोराचं नाव लिहिलं. मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

त्यानंतर सात-आठ महिने मी व्यवस्थित झोपत होतो. मग शिंदे निवृत्त झाला. निरोपाच्या चहाला जुन्या गोष्टी निघाल्या आणि तो हसत हसत म्हणाला, "दामूसारखा गडी नाही बघा. त्या नंदाखालच्या दिवशी गाडी गेटातून बाहेर पडत होती आणि हा आत येत होता. मोपेड तशीच टाकली की हो आडवी! चालत्या गाडीत हात देऊन वर घेतला त्याला. वर जिन्यापर्यंत सुद्धा आला नव्हता."

त्याने चिठ्ठी वाचलीच नव्हती. जाण्याआधी त्याला ती वाचणं शक्यच नव्हतं.

रविवारी सकाळी मी उमेळ्याला गेलो. घरात विचारलं तर म्हणाले, वाडीत आहे. पावट्याचा मांडव घातला होता आणि दामूदादा त्याच्याखाली वाकून वेल बांधत होता. मांडवाच्या कोपऱ्याला आधार म्हणून तोच बांबू उभा. वेल चढत चढत वर गेलेला, सगळ्यात वरचा एक लाल पट्टा तेवढा बाहेर दिसत होता.

"चांगला बांबू हाय, वाया कशाला घालवू?" माझी नजर कुठे आहे ते पाहून तो म्हणाला. "बस. इथं खुर्ची नाय, तुजीच पंचाईत."

मी बसलो नाही. म्हणालो, "दादा, ती चिठ्ठी कोणी काढली?"

तो वेल बांधत राहिला. "मीच. गाडीवरनं उतरलो, वर आलो. तुजी पाठ व्हती, फोनवर वरडत व्हतास. वाचली. खाली साहेबांची जीप लागली, तवा काढून खिशात घातली."

"तुम्हाला माहीत होतं मी फोन करायला पाहिजे होता."

"मग? मीच तर सांगितलं व्हतं तुला."

"मग खोटं का बोललात?"

तेव्हा त्याने सुतळी खाली ठेवली. मला वाटलं, आता चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. "मास्तर, गाडी त्या गल्लीत मी नेली. आधी एक मानूस पळवून बघून आनायला पायजे व्हता. इतकी वर्सं दुसऱ्यांना शिकवलं, आनि तवा मीच नाय केलं. ती बाय मना बोलली ते बरोबरच बोलली." मग हात पुसत म्हणाला, "आनि दोगं गेलो असतो तर फोनवर कोन बसलं असतं? नवा मानूस पानी इचारनारच नाय. तू एकदा चुकलास, पन तुला इचारायची सवय तरी हाय."

मला रडू आलं. मी म्हणालो, उद्याच साहेबांकडे जातो, सगळं लिहून देतो.

"ते तुजं तू बघ," तो म्हणाला. "जाशील तर माज्यासाठी नको जाऊ. त्या खुंटीला आता त्या पोराचं नाव लागलंय. ते पुसायला लावायचं काय?"

मी गेलो नाही. त्याने मोकळीक दिली म्हणून गेलो नाही असं म्हणायला मला आवडेल, पण खरं कारण ते नाही. मी घाबरलो. आज उद्या करता करता महिने गेले आणि पावसाळ्यात बातमी आली की दामूदादा शेतातच छातीत कळ येऊन गेला. त्या दिवशी मी कामावर होतो. त्याच्या अंत्ययात्रेला गेलेले बस्त्यावकाका सांगत होते की नंदाखालहून कार्मेलीनबायसुद्धा आली होती. तिचं नवं छप्पर शाकारायला हा दर रविवारी जात असे, हे मला तेव्हा कळलं.

पण मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या पावट्याच्या मांडवात. मी निघालो, बांधापर्यंत आलो आणि मोठ्या रस्त्यावरून आमच्या गाडीची घंटा ऐकू आली. रविवार असूनही हात आपोआप मोबाइलवर गेला. केंद्रावर नवा मुलगा फोनवर होता. त्याने सांगितलं, उमेळ्याच्या पुढे, शाळेजवळ, भंगाराचं गोदाम.

मांडवाखालून आवाज आला. "पानी इचारलं काय त्यानं?"

मी फोनमध्ये विचारलं. पलीकडून मुलगा म्हणाला, "पाणी? गाडीत आहे ना काका."

मी दामूदादाकडे बघितलं. त्याला उत्तर कळलं. तो बांबूपाशी गेला, वेलाची पानं बाजूला केली आणि एकेका लाल पट्ट्यावर बोट ठेवत खाली खाली येत थांबला.

"सांग त्याला," तो म्हणाला, "शाळेच्या मागं तळं हाय. चार पट्टे. पन आधी एक मानूस पळवून बघून या म्हनावं."

मी सांगितलं. तो घंटेच्या दिशेने कान देऊन तसाच उभा राहिला, एक हात बांबूवर, पाय अनवाणी, आणि गाडी शाळेकडे वळल्याचा आवाज येईपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.